दिवस दोनदा मावळला

समुद्रावर बोटीत बसून, सूर्य बुडताना बघत जेवायचं, ही कल्पना आमच्या अण्णाची. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. निपाणीत त्याचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे आणि मोबाईलवर चित्र बघून बेत ठरवायची त्याला जुनी खोड आहे. मागच्या थंडीत एका दुपारी त्याचा फोन आला.

‘आईला समुद्र दावू या. कारवारकडं बोट हाय बघ. सूर्य बुडताना बघायचा आन तितंच जेवायचं. लई झकास हाय.’

मी म्हटलं, ‘अण्णा, आपण कोण हाय?’

‘म्हंजे?’

‘आपण जैन हाय. आई दिवस बुडाल्यावर पाणीबी पीत न्हाय. तिला तू सूर्यास्ताचं जेवण घालणार व्हय?’

मग म्हणाला, ‘आदी वाढाय सांगू की.’

अण्णाचं असंच. आधी बोहल्यावर चढायचं आणि मग पत्रिका बघायची.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. ती सदलग्याची, लग्न होऊन निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात आली. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवापुढे दोन्ही. सूर्य गेला की अन्न नाही, हा तिचा नेम लग्नाच्याही आधीचा. आप्पा, म्हणजे आमचे वडील, वारले तेव्हापासून तिने रात्रीचं पाणीही सोडलं. आमच्या गावच्या घरापुढे पश्चिमेला एक डोंगर आहे. सूर्य त्याच्या आड गेला की आई उठायची, चूळ भरायची, हात जोडून नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य दोन घटका वर येईपर्यंत तिचं तोंड बंद. दोन घटका म्हणजे पाऊण तासाच्या आसपास. घड्याळ, पंचांग, मोबाईल यातलं काही ती मानत नाही. दिसतो तोवर सूर्य आहे, दिसेनासा झाला की गेला. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की आम्हाला दुपारी चारलाच रात्रीचं जेवण मिळायचं, आणि आम्ही मुलं झोपताना भुकेने वळवळायचो.

मी बेळगावात नोकरीला लागल्यावर रात्री नऊला जेवायला लागले, तेव्हा ती मला एका शब्दाने बोलली नाही. तुझं तुझ्यापाशी, एवढंच म्हणाली. तिच्या नेमाची मलाही कधी अडचण नव्हती. अडचण झाली ती साखरेमुळे. गेली काही वर्षं तिला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून बजावलं होतं, सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. नाही गेलं तर साखर उतरते, माणूस बरळायला लागतं, आणि तेव्हाही गोड मिळालं नाही तर झोपलेलं उठत नाही. एकदा तसं झालंही होतं. एका लग्नात पंगत लांबली, आई खांबाला टेकून बसली आणि तिने डोळे उघडले ते थेट दवाखान्यात. तेव्हापासून संध्याकाळच्या सुईची मी धास्ती घेतलेली आहे. सुई आणि सूर्यास्त यांच्यात जेवढी फट असते, तेवढ्यात तिचं जेवण बसवावं लागतं.

तरीही मी बोटीला हो म्हटलं, कारण आईच हो म्हणाली. सत्तरी उलटली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. मी तिला विचारलं तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. वर न बघताच म्हणाली, ‘जलमभर ह्यो डोंगराआड जातुया. तितनं फुडं कुटं जातुया ते बघू की एकदा.’

बोटवाल्यांशी फोनवर मीच बोलले, अण्णावर सोडलं नाही. जैन जेवण हवं म्हणताच पलीकडचा माणूस खुशीत आला. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, मॅडम, आम्हाला सगळं ठाऊक आहे. मी त्याला तीनदा सांगितलं की सूर्य मावळायच्या आधी ताट समोर आलं पाहिजे. तोही तीनदा हो म्हणाला. आता कळतं की त्याच्या लेखी जैन म्हणजे ताटात काय नको एवढंच होतं. ताट कधी यावं याच्याशी धर्माचा संबंध असतो हे त्याच्या डोक्यातच शिरलं नसणार.

आम्ही तिघं अण्णाच्या गाडीने खानापूर मार्गे गेलो. बोट खाडीच्या आतल्या धक्क्याला लागली होती. दोन मजली, वर टेबलं, टेबलांवर पांढरी कापडं, दोऱ्यांवर टांगलेले दिवे. खाली मासे तळत होते आणि त्याचा वास वरपर्यंत येत होता. आईने पदर नाकाला लावला आणि काही न बोलता अगदी टोकाचं टेबल निवडलं. टेबलाला चार खुर्च्या होत्या. चौथीवर मी पिशवी आणि आईचा स्वेटर ठेवला.

हुबळीचा एक घोळका यायचा होता म्हणून बोट सुटेना. मी दोनदा खाली जाऊन आले. ‘बोट सुटली की लगेच पहिलं ताट तुमचं’ असं वाढपी म्हणाला. बोट सुटली. ‘आणतोच’ असं त्याने जिन्यातून हात करून सांगितलं. तेव्हा मी पदराआड आईला सुई टोचली. ऊन चांगलं होतं, सूर्य बराच वर होता. मला वाटलं, आज जमलं.

ती खाडी मला सुरुवातीपासूनच आवडली नाही. दोन्ही काठांना चिखलात उभी असलेली झाडं, त्यांची मुळं वर आलेली, आणि पाणी इतकं संथ की बोट चालतेय हे फक्त इंजिनच्या आवाजावरून कळायचं. माणसाचं घर कुठे दिसत नव्हतं. समोर, खाडीच्या तोंडाशी, एक उंच टेकडी आडवी पसरलेली होती. तिच्या पलीकडे समुद्र, असं अण्णा म्हणाला. आई हात मांडीवर ठेवून त्या टेकडीकडे बघत होती.

‘आपल्या डोंगरावानी हाय,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘व्हय,’ आणि जिन्याकडे बघत राहिले.

ताट येईना. इतर टेबलांवर तळलेलं काहीबाही येत होतं. आमचं वेगळं होतं म्हणून मागे पडलं होतं, हे मला नंतर कळलं. मी उठायला लागले की अण्णा म्हणायचा, बस गं, येतंय. एकीकडे टेकडी मोठी होत चालली होती. तिची सावली पाण्यावरून आमच्याकडे येताना दिसत होती. ती आधी बोटीच्या नाकावर आली, मग पहिल्या टेबलांवर, आणि एकेक करून माणसांचे चेहरे विझत गेले. बोटीवरच्या एका पोरीने माईक घेऊन सगळ्यांना उठवून उभं केलं. तिने उलटे आकडे मोजायला सुरुवात केली, लोक मोबाईल वर धरून तिच्याबरोबर मोजायला लागले. सूर्य टेकडीआड गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, दोऱ्यांवरचे दिवे लागले.

आणि त्याच टाळ्यांत आमची ताटं आली. पुऱ्या, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, शिरा. शिऱ्यातून वाफ निघत होती.

आईने ताटाकडे पाहिलंच नाही. तिने पिशवीतून बाटली काढली, कठड्यावरून वाकून चूळ भरली, खुर्चीत बसली आणि हात जोडले. तिचे ओठ हलायला लागले. मी ‘आई, थांब, थांब’ म्हणत होते, पण णमोकार सुरू असताना तिला हात लावायचं धाडस आमच्या घरात कुणी केलेलं नाही. नऊ झाले. तिने हात खाली घेतले आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

‘तुमी जेवा,’ म्हणाली.

अण्णाने मोबाईल काढला. ‘आई, ह्ये बघ, अजून अर्धा तास हाय सूर्यास्ताला. हितं लिव्हलंय. त्यो नुसता टेकडीच्या मागं गेलाय.’

‘मोबाईलात हाय म्हणून दिवस व्हतुय व्हय रं?’

‘अगं, पर सुई घेतलीयास!’

‘एक रात न्हाय जेवलं तर कोण मरत न्हाय.’

‘मरतंय, आई,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. ‘डॉक्टरांनी काय सांगितलंय? साखरेचा चमचा तरी तोंडात घाल. औषध म्हणून घाल.’

‘हात जोडल्यात मी,’ आई म्हणाली. तिच्या दृष्टीने यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला तिचा संताप आला. बोटवाल्यांचा आला, अण्णाचा आला, त्या टाळ्या वाजवणाऱ्या हुबळीकरांचा आला. आणि संतापाच्या खाली भीती होती. अण्णा खाली जाऊन बोट चालवणाऱ्याशी भांडून आला. त्याचं म्हणणं, इथे खडक आहेत, वळायचं तर टेकडीला वळसा घालून मोकळ्या पाण्यातच वळता येतं, आणि सगळ्यात जवळचा धक्का म्हटला तरी तासाभरावर. बोटीत डॉक्टर नव्हता. मी आईच्या शेजारी बसून तिचा हात हातात धरून ठेवला. थोड्या वेळाने तो ओला लागला. तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि हवा तर गार होती.

अण्णा हळूच म्हणाला, ‘मी धरतो, तू तोंडात घाल.’

‘गुदमरेल ती,’ मी म्हटलं. आईने दात घट्ट मिटले होते. आमचं बोलणं तिला ऐकू येत होतं.

बोट टेकडीला वळसा घालत होती. उजव्या हाताला काळे कातळ अगदी जवळून सरकत होते. गाणी सुरू होती, पण कुणी नाचत नव्हतं. मग कातळ संपला, आणि समोर सूर्य होता.

मला हे नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. सूर्य परत आला नव्हता, आम्ही टेकडीच्या सावलीतून बाहेर आलो होतो, एवढी अक्कल मलाही होती. पण ज्याला थोड्या वेळापूर्वी शंभर माणसांनी टाळ्या वाजवून निरोप दिला होता, तो समुद्रावर हातभर उंचीवर तसाच उभा होता. तांबडा, मोठा, आणि त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. माईकवाली पोरगी काहीतरी गमतीचं बोलायला गेली आणि मध्येच थांबली. कुणीतरी गाणं बंद केलं. लागलेले दिवे त्या उजेडात फिके पडले. सगळे उभे होते. एका म्हाताऱ्याने चप्पल काढून हात जोडले.

मी आईला हलवलं. ‘आई, बघ. दिवस हाय अजून. बघ की समोर! आता खा.’

तिने पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘दिवस आसंल. माझा संपला.’

ते ऐकून अण्णा रडायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, तोंडावर रुमाल घेऊन. मला रडायलाही फुरसत नव्हती, कारण आईची मान एका बाजूला कलायला लागली होती. मी तिचे गाल थोपटले. डोळे उघडे होते, पण माझ्यावर ठरत नव्हते. ती सूर्याकडे बघत होती. आणि तिने कानडीत विचारलं, ‘बेळगायतेन?’

उजाडलं का, असं विचारत होती ती. माहेरच्या बोलीत, लहान मुलीच्या आवाजात. हा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. ती माझ्या आईचा तोंडवळा घेऊन बसलेली दुसरीच कुणी बाई आहे, असं क्षणभर वाटलं, आणि मी तिचा हात सोडला. लगेच परत धरला.

मग ती मराठीत आली. ‘उजाडलं की गं,’ म्हणाली. ‘कुणी उटवलं न्हाय मला.’ पदर सारखा केला, केस मागे सारले. ‘पाणी दे तोंड धुवाय.’

मी आणि अण्णाने एकमेकांकडे पाहिलं. खरं सांगते, विचार करायला वेळ लागला नाही. मी बाटली तिच्या हातावर ओतली. तिने तोंड धुतलं, पुसलं, हात जोडून पुटपुटली, रोज सकाळी करते तसंच. मी म्हटलं, ‘व्हय आई, उजाडलं. आता न्याहारी कर.’

‘दोन घटका झाल्या व्हय?’

‘झाल्या.’

तिने सूर्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ‘कुटं झाल्या? अजून खालीच हाय. येऊ दे की वर.’

सूर्य वर येणार नव्हता. तो बघता बघता खाली चालला होता आणि आई तो वर यायची वाट बघत होती. तिचं डोकं पुन्हा कलायला लागलं. जीभ जड झाली होती. मध्येच ती त्या चौथ्या खुर्चीकडे बघून म्हणाली, ‘ती पिशवी उचल आदी.’

‘कशाला?’

‘ते कुटं बसतील?’

अण्णाने पिशवी उचलली आणि स्वेटरही उचलला, न सांगता. आप्पांना जाऊन आठ वर्षं झाली होती. खुर्ची रिकामी झाली. आई तिच्याकडे बघून जराशी हसली, घरात कुणी आलं की हसते तशी, आणि पुन्हा समुद्राकडे वळली. आता तिच्या कपाळाला आठी होती.

‘आज वर याय लई येळ लावतोय ह्यो,’ म्हणाली. मग जरा पुढे वाकून, ‘खाली चाललाय काय गं?’

मी उठले आणि तिच्या आणि सूर्याच्या मध्ये उभी राहिले. पाठ त्याच्याकडे, तोंड तिच्याकडे. माझी सावली तिच्या अंगावर पडली. ‘न्हाय,’ मी म्हटलं. ‘वर आला. चांगला कासराभर वर आला. दोन घटका होऊन गेल्या. अण्णाची आंघोळ झाली, माझी झाली. तूच ऱ्हायलीस.’

‘आन त्यांचं?’

‘आप्पांचंबी झालं. ते बसल्यात.’

हे मी का म्हटलं मला माहीत नाही. तिला ते दिसत होते, मला दिसत नव्हते, आणि भांडायला सवड नव्हती. मी शिऱ्याचा घास तिच्या ओठाला लावला. ओठ मिटलेले होते. पाठीवर ऊन जाणवत होतं, आणि ते कमी होतंय हेही जाणवत होतं. जन्मात मी कुणाची एवढी करुणा भाकली नसेल. थांब रे बाबा, थोडं थांब. तिने तोंड उघडलं.

एक घास गेला. गिळायला तिला वेळ लागला. दुसरा गेला. अण्णाने खालून पेल्यात साखरेचं पाणी करून आणलं, ते घोट घोट पाजलं. मी वाढत होते आणि ती खात होती, आणि घासाघासाला मान उजवीकडे वळवून रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. एकदा तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मला कळलं नाही, कारण ती माझ्याशी बोलत नव्हती. खुर्चीवर कापडाचं टोक वाऱ्याने उडून पडलं होतं, आणि मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते. मला वाटत होतं, बघितलं तर दिसेल.

तिच्या अंगावरची माझी सावली पातळ होत गेली आणि मग नाहीशी झाली. मी मागे वळले नाही. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेव्हा शेवटचा घास तिच्या तोंडात होता आणि तो तिने चावून खाल्ला.

बोट परत खाडीत शिरली तशी आई हळूहळू भानावर आली. घाम सुकला. तिने आधी स्वेटर मागितला. मग आभाळाकडे पाहिलं, काळोख होता. हाताकडे पाहिलं. बोटांना तुपाचा ओशटपणा होता. तिने बोटं एकमेकांवर चोळली, हुंगली. मी वाट बघत होते की आता ती फुटेल, रडेल, मला शिव्या घालेल, उद्यापासून चार उपवास धरेल. मी ठरवून ठेवलं होतं की काय बोलायचं: दिवस होता आई, सूर्य दिसत होता, मी तुला रात्री नाही खाऊ घातलं. तिने काहीच विचारलं नाही. धक्क्यावर उतरताना मी हात धरायला गेले, तर तिने माझा हात बाजूला करून अण्णाचा धरला.

रात्री लॉजवर ती शांत झोपली. मी तिच्या नाकाशी बोट धरून किती वेळा श्वास पाहिला असेल, त्याला गणती नाही.

सकाळी ती उठली, अंघोळ केली, खिडकीत बसून राहिली. सूर्य चांगला वर आल्यावर तिने स्वतःहून सुई मागितली आणि इडली खाल्ली. गाडीत मागे आम्ही दोघी. खानापूरच्या आधी दाट जंगल लागतं, तिथे रस्त्यावर भर सकाळीही ऊन उतरत नाही. अण्णा गाडी चालवत होता. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘काल तुमचं आप्पा आलतं.’

अण्णाचा पाय ब्रेकवर गेला असावा, गाडीला जरा गचका बसला. मी म्हटलं, ‘सपान पडलं आसंल.’

‘सपान न्हाय. बाजूला बसलेलं. पांढरा सदरा हुता. चल म्हणालं. मीबी उठायच्याच बेतात हुतो.’ आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखंच ‘होतो’ म्हणतात, आईही तशीच. ‘पर तू वाढाय लागलीस. वाढलेलं ताट टाकून कसं उठायचं? पाप लागतंय. त्यास्नी म्हटलं, पोरगी वाढतीया, एवढं खाऊन येतो.’

‘मग? काय म्हणाले आप्पा?’

‘काय म्हणतील? बसतो म्हणालं.’

एवढं सांगून तिने मान मागे टेकली आणि डोळे मिटले. नेम मोडला का, प्रायश्चित्त घ्यायचं का, यातलं ती काही बोलली नाही, आजपर्यंत बोललेली नाही. बेळगावात मला उतरवताना अण्णा आईची पिशवी गाडीतच ठेवायला लागला. मी ती काढून घेतली आणि म्हटलं, आई आता माझ्याकडे राहील.

तेव्हापासून ती इथे, बेळगावात कंग्राळीला, माझ्याकडे आहे. मी ऑफिसातून लवकर निघते, लोक काय म्हणायचं ते म्हणतात. सुई टोचते आणि लगेच ताट मांडते. साखर बरी आहे, डॉक्टर खुश आहेत. ती सावकाश जेवते, मी समोर बसून वाढते. थोडं थोडं वाढते, चतकोर भाकरी, पळीभर आमटी, परत चतकोर. ताट रिकामं होत आलं की मला तिचं ‘एवढं खाऊन येतो’ आठवतं. उजेड असेपर्यंत तिचं ताट मी संपू देत नाही. सूर्य गेला की तिला हात धुवावाच लागतो, आणि ताटात घासभर उरलेलं असतं. उष्टं टाकायला लागतं म्हणून ती रोज चिडते. चिडू दे.

परवा मात्र ती चिडली नाही. खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं. तिने घास हातात धरला आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून मला अगदी मवाळ आवाजात म्हणाली, ‘पुरे कर की गं आता. ते कवाधरनं बसल्यात.’

मी भाकरी मोडली आणि तिच्या ताटात टाकली.